गोजरबाईंना रोज अर्धा तास

५ मार्च, बुधवार. सकाळी सहा.
ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. देव, नोकरी, सेवा तिन्ही सांभाळता येतं, नियोजन पाहिजे. माझं तयार आहे. पाचला प्रार्थना, आठ ते पाच एमआयडीसीत स्टोअर, येताना गोजरबाईंना अर्धा तास. गोजरबाई आमच्या चर्चच्या. वय ऐंशी, खुब्याचं ऑपरेशन, घरात एकट्या. रोज कोण जाईल, असं पाळकसाहेबांनी विचारलं. पहिला हात माझा. ज्योती म्हणाली, झेपेल का? बायकोचा विश्वास जरा कमीच.

६ मार्च.
साडेसहाला उठलो. प्रार्थना बसस्टॉपवर, डोळे उघडे ठेवून. तरी बस गेलीच.

८ मार्च, शनिवार.
गोजरबाईंच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो. दार लोटलेलं. झोपल्या असतील. आजारी माणसाची झोप मोडू नये. हीसुद्धा सेवाच.

१४ मार्च.
पाय दुखतात. पुरुषांच्या सभेत ‘नोकरी आणि सेवा’ यावर मी बोलायचंय. पाळकसाहेबांना माणसाची पारख आहे. संध्याकाळी तयारी करायची, म्हणजे भेटी पुढच्या आठवड्यापासून.

२३ मार्च, रविवार.
चाळीस मिनिटं बोललो. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो, हे वाक्य चांगलं बसलं. नंतर चर्चच्या दारात सभेतल्या बन्सीमामांनी विचारलं, गोजरबाई कशा आहेत? म्हटलं, सुधारतायत. सुधारतच असणार. माझ्यासाठी बाहेर थांबलेली ज्योती चपला शोधत होती. बराच वेळ.

३१ मार्च.
मार्च एंड. स्टोअरमध्ये उभ्यानेच जेवलो. प्रार्थना म्हणजे नुसतं आमेन. ज्योतीलाही हल्ली हॉस्पिटलमधून यायला उशीर होतो. नर्सची नोकरी, व्हायचंच. विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.
दुपारी गेलो एकदाचा. केळी नेली. कोनाड्यात ज्योतीचा डबा. गोजरबाईंनीच सांगितलं, ती महिनाभर ड्युटी सुटली की येते, अंघोळ घालते, धरून चालवते.
मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. काय करू, असं विचारलं.
“बस जरा,” पलंगावरूनच म्हणाल्या. “ज्योती म्हनती, तू लई दमतोस. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करती.”
म्हटलं, आज मी करतो. दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, डोळे मिटले. ‘हे प्रभू’पर्यंत आठवतंय.
उठलो तेव्हा पाच वाजले होते. अंगावर त्यांची शाल. वॉकर माझ्या खुर्चीला टेकलेला. आणि त्या समोरच्या स्टुलावर, धापा टाकत, मला वारा घालत होत्या.
घरी ज्योतीला सांगितलं. ती म्हणाली, आजवर कुणी धरल्याशिवाय त्या पलंगावरून उठल्या नव्हत्या.
म्हणजे माझ्या भेटीचा उपयोग झाला, असं लिहिणार होतो.
नाही लिहीत.