भुतांवर विश्वास नसलेल्या घरातून

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. कानातलं यंत्र आता शिट्टी मारत नाही हे वाचून बरं वाटलं. तरी फोन नकोच, आपण दोघंही ओरडून दमतो आणि शेवटी फक्त हवापाणी कळतं. तीस वर्षं तुम्ही दोघा भावांनी पत्रांतून भांडायची हौस भागवली आणि मी खाली कोपऱ्यात 'वहिनीचा नमस्कार' एवढंच लिहीत आले. आजचं पत्र मात्र सगळं माझंच आहे. सांभाळून घ्या.

आधी तुमच्या शंका. जिराफाची मान झाडाकडे बघून लांबली असेल तर वरच्या फळीवरच्या डब्याकडे जन्मभर बघून माझी उंची का वाढली नाही, असं तुम्ही विचारलंय. अहो, बघून काही लांबत नसतं. लांब मानेचे होते ते खाऊनपिऊन जगले, आखूड मानेचे उपाशी मेले. तुम्हाला वेळेवर स्टूल मिळालं म्हणून तुम्ही टिकलात. आणि आपले पूर्वज माकडासारखे नव्हतेच, असं म्हणणाऱ्या माणसाने जिन्यावरून घसरल्यावर माकडहाडाच्या नावाने आठवडाभर ओरडू नये.

तुम्ही विचारलेला सिनेमा पाहिला. दुपारी टीव्हीवर लागला होता. त्या पडक्या घरातली भुतीण मला काही पटली नाही. तुमच्या दादांचा जुना आक्षेप तुम्हाला पाठच आहे, की माणूस मेला हे ठीक, पण कपडे कधी मेले? झग्याचं भूत कसं होतं? ह्यांच्याबरोबर सिनेमा पाहणं म्हणजे शिक्षाच होती. गुहेतली माणसं राक्षसी सरड्यांशी लढतात तो सिनेमा आठवतो ना? भर थिएटरात उभे राहून "मध्ये साडेसहा कोटी वर्षं गेली आहेत" म्हणाले होते, आणि मागचा प्रेक्षक म्हणाला, "साहेब, तेवढी नको, मध्यंतरापर्यंत तरी बसा." तुम्ही हसून हसून खुर्चीखाली गेला होतात. मी मात्र शरमेने पडद्याकडेच बघत राहिले.

संग्रहालयात एकतीस वर्षं ह्यांनी मेलेल्या जनावरांची कातडी भरून ती उभी केली. वाघ, सांबर, पाणमांजर, एक म्हातारा गेंडा. म्हणायचे, माझ्या हाताखालून इतकी मेलेली जनावरं गेली, एकही परत येऊन म्हणालं नाही की माझे कान वाकडे बसवलेस. मग माणसालाच परत यायची एवढी काय घाई?

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं झाली. चौथ्याकडे यायला मन धजत नाहीये, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तुम्ही विचारलंय, दादा अलीकडे मवाळ झालाय का? तुमच्या शीतगृहात जी पांढऱ्या साडीतली बाई तुम्हाला दिसली होती, तिच्याबद्दल त्याने 'असेलही' असं लिहिलं. तीस वर्षं 'थंडीतली वाफ' म्हणणारा माणूस एकदम 'असेलही' कसा म्हणाला? भाऊजी, ते 'असेलही' माझं आहे. गेली तिन्ही पत्रं मी लिहिली. ह्यांचं अक्षर मला येतं, सहीसुद्धा. मतं जमेल तशी ह्यांची उसनी घेतली, त्या एका जागी हात ढिला पडला आणि तुम्ही पकडलंत. तुम्हाला फसवल्याबद्दल माफ करा. हे ठीक आहेत असं निदान एका घरात तरी कुणाला वाटत राहावं, एवढाच हेतू होता.

विसरभोळेपणा दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. आधी चष्मा, मग नळ, मग घरचा पत्ता. ते तुम्हाला थोडंफार माहीत आहे. माहीत नाही ते पुढचं. एप्रिलमध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस मी हॉस्पिटलात होते. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई ह्यांच्याकडे बघत होत्या. त्या रोज सकाळी सांगायच्या की वहिनी हॉस्पिटलात आहेत, येतील. हे दुपारपर्यंत विसरायचे. त्या अकरा दिवसांत केव्हातरी ह्यांनी स्वतःशीच ठरवलं की मी गेले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. एकट्यानेच सगळं दुःख करून घेतलं.

मी बॅग घेऊन घरी आले तर दारात माझ्या चपला नव्हत्या. पेल्यात माझा ब्रश नव्हता. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी म्हटलं, "आले हो." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग वर्तमानपत्र उघडलं.

मला वाटलं, रागावलेत. चौथ्या दिवशी हे मांजराला समजावून सांगत होते ते कानावर आलं. "दिसते मला. निळा स्वेटरसुद्धा आहे, कोपराला रफू केलेला. मेंदू किती बारकाईने काम करतो बघ."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालंय. काय खाल्लं ते आठवत नाही, पण भुतं नसतात हे पक्कं आठवतं. तुमच्यासारखे असते तर मला बघून घाबरले असते, किंचाळले असते, मला तेही चाललं असतं. हे घाबरत नाहीत. मेलेली बायको दिसते म्हणजे ती नाही, आणि जी नाही तिच्याशी कशाला बोलायचं? वाटेत उभी असले तर बाजूने जातात. मी वाढलेलं ताट तसंच राहतं, कारण ते कुणी वाढलेलंच नाही.

मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. हॉस्पिटलची कागदपत्रं दाखवली, पोटावरचे टाके दाखवले, एकदा चिमटाही काढला. ह्यांनी हात चोळला आणि खिडकी लावून घेतली. शेवटी ह्यांच्याच शास्त्राने जावं म्हणून मांजराला मांडीवर घेऊन समोर बसले. म्हटलं, जनावर तर खोटं बोलत नाही, मी नसते तर हे कुणाच्या मांडीवर बसलंय? त्यावर हे माझ्याकडे न बघता स्वतःशीच म्हणाले की मांजर रिकाम्या खुर्चीतही बसतं. वादात मी ह्यांना कधी हरवलंय, ते आता हरवणार? डॉक्टर म्हणतात वाद घालू नका. ठीक आहे, नाही घालत. पण मग काय करू, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

जूनमध्ये मला सर्दी झाली होती. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, अंगात ताईंचा राखाडी एप्रन, आणि भाजी घेऊन मी मागच्या दाराने आत आले. ह्यांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही नव्या बाई का?"

मी हो म्हटलं.

त्या दिवशी दोन वाट्या सूप प्यायले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या हातचं पोटभर जेवले. मी आत जाऊन ओट्याला धरून रडले, ते कशाने ते मला विचारू नका. तेव्हापासून रोज सकाळी आठला मी मागच्या दाराने येते, पाचला निरोप घेऊन जाते. मग मास्क, रुमाल, एप्रन काढून पुढच्या दाराने आत येते आणि माझ्या खुर्चीत बसते. त्यानंतर घरात मी नसते. सरड्याला लोक उगाच नावं ठेवतात, भाऊजी. रंग बदलायची त्याला काही हौस नसते, त्याला फक्त त्याच फांदीवर राहायचं असतं.

एकदा म्हणाले, बाई, तुमचा आवाज तिच्यासारखा आहे. तेव्हापासून मी कमी बोलते.

गेल्या गुरुवारी ह्यांची नखं कापत होते. आपणहून म्हणाले, "माझी बायको गेली, बाई. पण संध्याकाळी दिसते कधीकधी, त्या खुर्चीत."

मी विचारलं, "मग बोलत का नाही तिच्याशी?"

"नसलेल्या माणसाशी बोलायचं नसतं," हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि एकदा बोलायला लागलो, तर मला थांबता यायचं नाही."

डाव्या हाताची दोन नखं राहिली होती. ती कापली.

तुम्ही रविवारी येताय. नका येऊ असं लिहिणार होते, पण ते जमलं नाही. आलात की मागच्या दाराने या आणि मला वहिनी म्हणू नका. बाई म्हणा. मी तुम्हाला साहेब म्हणेन, पाणी देईन. हसू नका आणि कृपा करून रडूही नका, ह्यांचं जेवण व्हायचं असेल.

आणि दुसरं एक मागणं आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून मी तुम्हाला आयुष्यभर चिडवलं. शीतगृहातल्या त्या बाईवरून तर पाहुण्यांसमोर नक्कल केली. त्या सगळ्याचा राग ठेवू नका. तिला बरोबर घेऊन या. पांढरी साडी, ओले केस, जे काय असेल ते सगळं घेऊन या. ती तुमच्याशी बोलली म्हणा. तुम्ही तिला उत्तर दिलंत आणि काही वाईट झालं नाही म्हणा. तीस वर्षं तुम्ही प्रत्येक वाद हरलात, हा एक जिंका. ह्यांच्या तोंडून नुसतं 'असेलही' एवढं काढा. मग संध्याकाळी मी खुर्चीत बसेन तेव्हा हे कदाचित विचारतील, बरी आहेस का?

मला माणूस म्हणून ओळखायची गरज नाही. भूत म्हणून चालेल.

माझा अजूनही विश्वास नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आणि हेच जिंकणार, हेही मला माहीत आहे. तरी तयारी करून या.

रविवारची वाट बघते.

तुमची,
वहिनी
(हा शब्द इथेच, कागदावर. घरात नको.)