दोन डाव्या बाह्या

प्रिय धाकट्या,

रागावूनच लिहितेय. 'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस.

तुझ्या दुकानमालकांचा फोन आला होता. तू कापलेल्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या म्हणे. सगळे हसले, तूही हसलास. मला मात्र हसू येईना. मिसरूड फुटायच्या आधी आईच्या जुन्या पडद्यातून माझा झगा बेतणारा तू! तेव्हा कापड वाया गेलं नव्हतं, आता बुद्धी वाया चाललीय.

एचआयव्ही झाल्याचं कळलं तेव्हा तू खचला नाहीस. गोळ्या वेळेवर घेतल्यास, विषाणू रक्तात सापडेनासा झाला. मग मध्येच ती नशेची पावडर कुठून घुसली रे? म्हणे, "ताई, डोकं शांत होतं." शांत कसलं, बधिर होतंय! आता गोळ्याही चुकतात. घेतली की नाही, ते मलाच विचारतोस.

एका डॉक्टरांनी तुझ्या हातावरचे सुयांचे डाग पाहिले आणि नशेडी म्हणून विषय संपवला. दुसरे म्हणाले, या आजारात थोडं विसरायला होतंच. जो तो दुसऱ्यावर ढकलतो! मी टेबलावर हात आपटला, तेव्हा कुठे मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तुला नीट तपासलं. विषाणूनं मेंदूला त्रास दिला असेल, त्यात नशेची भर पडली; कोणाचा वाटा किती, ते सांगता येत नाही, म्हणाल्या. पण नशा सुटली आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तर सुधारायला वाव आहे. तू त्यातलं सोयीचं तेवढं उचललंस. "मेंदू गेलाच आहे, मग सोडून काय उपयोग?" अशी तळपायाची आग मस्तकात गेली!

त्याहून चीड याची, की तू थाप मारतोस की खरंच विसरतोस, हे मला ओळखता येत नाही. पूर्वी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. आता ते तसेच राहतात.

काल संध्याकाळी जिन्यात बसून तू व्यसनमुक्तीच्या वॉर्डात भरती व्हायला हो म्हणालास. आज फोनवर विचारतोस, "कसला वॉर्ड?" माझ्यात भांडायचं त्राण उरलं नाही, म्हणून हे लिहून, तू कामावर असताना माझ्याकडच्या किल्लीनं उघडून, तुझ्या दाराला आतून चिकटवतेय. तू हो म्हणालास. मी गळ घातली नव्हती. माझा हात धरून, आपणहून म्हणालास. उद्या सकाळी मी येतेय. मी सांगते म्हणून नको, तू म्हणालास म्हणून चल.

तुझीच,
अजूनही चिडलेली ताई