पोस्टरमधल्या मुलीची जागा

मी, खाली सही करणारी, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत आहे. धाकट्या भावाला तरीही शंका असल्यास त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द. अंमलबजावणी माझी वकील भाची करील.

१. राहतं घर भावाला. त्याचा डोळा त्यावर कधीपासून आहे, तेव्हा आश्चर्याचा आव आणू नये. मात्र वरची खोली आमच्या संस्थेत उमेदवारी करायला, म्हणजे हाताखाली काम शिकायला, लांबून येणाऱ्या मुलामुलींसाठी राहील. ज्यांच्या घरात कुणी कधी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, त्यांना आधी. "तुम्ही कुठले, कोणाचे?" असल्या चौकशा भावजयीने करू नयेत.

२. संस्थेच्या संचालकांना, म्हणजे ज्यांच्या आधी त्यांचा वास पोचतो त्या आमच्या अत्तरसाहेबांना, काहीही नाही. कारण लिहून ठेवते. संस्थेत दर वर्षी सर्वसमावेशकतेचं प्रशिक्षण होतं. सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडून ओळखीच्यांचीच पोरं उमेदवारीला घेतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे. पहिल्या वर्षी पोस्टर हवं होतं, म्हणून मुलाखतीला आलेल्या एका मुलीला साहेबांनी माझा पांढरा कोट घालायला लावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं, फोटो काढला आणि "कळवतो" म्हणून वाटेला लावलं. कुणी कळवलं नाही.

३. पोस्टर सभागृहात लागलं. त्यात ती आपल्याकडे बघून हसत होती. काही वर्षांनी ती हसायची थांबली. मग मान वळली. एकदा पाहते तर डोळा भिंगाला लागलेला. साहेब म्हणाले, "अहो बाई, पहिल्यापासून अशीच आहे ती. चष्मा बदला." मी चष्मा बदलला. पुढच्या खेपेला तिच्या हातात देठ कापायची पाती होती, तीही चुकीची धरलेली. चुकीची धरलेली पाती मला बघवेना. "अंगठा खाली घे, बोट कापशील," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंगठा खाली होता. तेव्हापासून, निवृत्तीनंतरही, दुपारच्या सुट्टीत मी रिकाम्या सभागृहात जाऊन तिला शिकवते. म्हातारी भिंतीशी बोलते असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

४. परवा पडदे शिवायला टाकायला चौकापलीकडे गेले. शिंपीणबाई अर्ध्या पिकलेल्या केसांची. मान वर न करता म्हणाली, "काल आला नाहीत, बाई. वाट बघत होते मी."

"कुठे?"

"ते मला तरी कुठे ठाऊक? दुपारी मशीनवर डोळा लागला की तुम्ही येता. देठाचे काप शिकवता." माझ्या पिशवीतल्या भाजीचा देठ घेऊन तिने पातीने इतका पातळ काप काढला, की त्यातून बोट दिसावं. अंगठा खाली. मला रडू आवरेना. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडे अजून जागा आहे का हो?"

५. म्हणून माझी सगळी शिल्लक संस्थेतल्या उमेदवारीच्या एका जागेसाठी. वयाची अट नाही. पहिली जागा शिंपीणबाईंची. शिकवायचं माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीने कबूल केलं आहे. ती आता तिथेच संशोधक आहे. सभागृहाला रंग द्यायचा म्हणून साहेब पोस्टर उतरवणार आहेत. शिंपीणबाईंना आत घेण्याआधी ते उतरलं तर त्यांचं काय होईल, मला माहीत नाही आणि मला त्याची फार भीती वाटते.

६. शिंपीणबाईंना संस्थेच्या पुढच्या दाराने आत न्यावं. पोस्टरमधली खुर्ची रिकामी दिसली तर कुणी ओरडू नये. रिकामी झाली नाही, तर त्यांना अजून खरोखर आत घेतलेलं नाही असं समजावं, आणि तोवर पोस्टरला हात लावू नये.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: यंदाच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिली, डॉक्टरीण: सही माझ्यासमोर झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा, रंगारी: सही माझ्यासमोर झाली. काल भिंत मोजायला सभागृहात गेलो होतो. पोस्टरमधली मुलगी दाराकडे बघत होती. काम मी घेतलेलं नाही.