अख्खं कोहळं

माय,

यंदा मी अख्खं कोहळं कापलं. स्वतःच्या हातानं, पहिल्या घावापासून. हे तुला सांगायला बसले आहे आणि सांगायच्या आधीच चिडले आहे. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, मी त्रेचाळीस वर्षांची झाले, अमेरिकेतल्या एका दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते, आणि तरी एक कोहळं कापलं याचा खुलासा तुला द्यावासा वाटतो. याचाच आधी राग येतो.

इथे ऑक्टोबर लागला की प्रत्येक दुकानाच्या दारात कोहळ्यांचे ढीग लागतात. आपल्या कौलांवर चढायचं तसंच केशरी, पुण्याकडचे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, पण आकारानं दुप्पट. पहिल्या वर्षी आम्ही नवीन होतो. देशी सामानाचं दुकान गाडीनं तासाभरावर, आणि जवळच्या मोठ्या दुकानात मला काहीच ओळखीचं दिसत नव्हतं. धने कुठे, जिरं कुठे, कणीक म्हणून आणलेलं पीठ पोळीला का ताणलं जात नाही, दुधाच्या सहा तऱ्हांमधलं आपलं दूध कोणतं, यातच जीव मेटाकुटीला आलेला. तेवढ्यात हा ढीग दिसला आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यातलं सगळ्यात मोठं उचलून आणलं. नवऱ्याकडून कापून घेतलं, किसलं, गूळ घातला, बोंडं तळायला घेतली, तर तेलात सगळं पांगलं. आत नुसतं पाणी आणि दोऱ्या. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाईला विचारलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, ते खायचं नसतं, दारात ठेवायचं असतं. नाक-डोळे कोरून आत दिवा लावायचा आणि सडलं की फेकून द्यायचं. खायचं कोहळं वेगळं, लहान, आत भाजीच्या फळीवर. नाहीतर डब्यातला शिजवलेला गर. तू असतीस तर त्या बाईला दुकानातच उभं करून सुनावलं असतंस. तू रांधायचीस त्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात कोहळ्याचा सालाकडचा गरही पोरांच्या भाजीत जायचा, तू टाकू द्यायची नाहीस.

आणि कोरतात कोण म्हणशील तर बाया, पोरी, पाच-सहा वर्षांची लेकरं. ओसरीत बसून सुरी खुपसतात आणि हसत फोटो काढतात. गल्लीतल्या प्रत्येक दारात कापलेलं कोहळं आणि प्रत्येक घरात पोरगे धडधाकट. मी कामावरून येताना ते बघायची आणि मनात तुझ्याशी भांडायची. बघ, म्हणायची. बघून घे.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथे सणाचं मोठं जेवण असतं. पीकपाणी आलं, सगळे सुखरूप आहेत, म्हणून. टर्की नावाचा कोंबड्याच्या चौपट पक्षी अख्खा भाजतात. तो बर्फासारखा गोठलेला मिळतो आणि दोन-तीन दिवस आधी काढून ठेवला नाही तर आतून कच्चा राहतो. पलीकडची म्हातारी शेजारीण आम्हाला दरवर्षी बोलावते, आणि बोलावतानाच विचारते, तू काय आणणार? पहिल्यांदा मला हे फार लागलं होतं. पाहुण्यालाच विचारायचं, काय आणणार म्हणून! आणि ताटावर बसल्यावर तिनं वाढायला धरलं तेव्हा मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, तर तिनं खरंच भांडं पुढे नेलं. मी आग्रहाची वाट बघत बसले आणि अर्धपोटी घरी आले. पुढच्या वर्षीपासून पहिल्या विचारण्यालाच हो म्हणायला शिकले. बोंडंही न्यायला लागले. डब्यातल्या गराची. शेजारीण म्हणायची, इतकी छान होतात, ताज्या कोहळ्याची का करत नाहीस? मी म्हणायची, वेळ कुठे असतो. वेळ होता, माय. दरवर्षी होता.

आपल्या गोंडपिपरीच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते नदीत सोडले, ही गोष्ट बाबा आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे. उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही. देव गेले, पण कोहळं मात्र राहिलं. बाईनं अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव घालायचा नाही, पोरगा असलेल्या घरात तर नाहीच. पुरुषानं कोयता मारून दोन फाका करायच्या, मग बाईनं पावशीवर बसून तिच्या उभ्या पात्यावर हव्या तितक्या फोडी कराव्यात. शाळेतसुद्धा तू चौकीदारभाऊंना हाक मारायचीस. ते येईपर्यंत चूल पेटलेली, पोरं ताटं वाजवत बसलेली, आणि तू, जी पन्नास लेकरांचा भात एकटीनं उतरवायची, ती त्या कोहळ्यासमोर हात बांधून उभी. मला ते बघवायचं नाही. मी विचारायची आणि तू वैतागायचीस.

"काऊन पण?"

"काऊन म्हंजे? घरात पोरगा हाय म्हून."

"आन् मी?"

"तुले त् काई होत नाई," तू म्हणायचीस, जणू ही चांगली बातमी होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, धम्मचक्राच्या दिवशी, बाबा आणि वस्तीतले सगळे भाऊ नागपूरला गेले होते. दरवर्षी ते परत आले की तू बोंडं करायचीस. तू सकाळी शाळेच्या स्वयंपाकाला निघालीस आणि दारातून सांगितलंस, "कोहळ्याले हात नोको लावू. तुया बाबा संध्याकाळी येते, तो कापन." मी पंधराची, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. दुपारपासून तो माझ्या मागे लागला. ताई, बोंडं कर ना, ताई, बोंडं कर ना. मी त्याच्यासाठी कापलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तू परत यावंस आणि ते कापलेलं बघावंस, असंच हवं होतं. कोयता उचलला आणि मारला. टणक होतं, तीन घाव लागले. तो टाळ्या वाजवत होता. तू आलीस, त्या दोन फाका बघितल्यास, हातपाय धुतलेस आणि बोंडं करायला बसलीस. सगळ्यात जास्त त्यानंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या कपाळाला हात लावलास. तिसऱ्या दिवशीही. मी शेजारच्या अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायची आणि तुझ्या बांगड्यांचा आवाज ऐकायची. आवाज त्याच्यापर्यंत यायचा आणि परत जायचा. माझ्या कपाळाला तू हात लावला नाहीस, एकदाही नाही. सहाव्या दिवशी तुझा हात तिथेच थांबला. मग गोळ्या, मग तालुक्याचा डॉक्टर, मग एसटीनं गडचिरोली, बाबांच्या मांडीवर तो, आणि मलेरियाचा ताप डोक्यात गेलेला. दोन दिवसांनी त्याला चादरीत गुंडाळून घेऊन आलात. सगळी वस्ती अंगणात होती. तू माझ्यासमोर आलीस आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "तुले सांगतलं होतं मी."

त्यानंतर तू ते पुन्हा कधीच बोलली नाहीस. मला मारलं असतंस, शिव्या दिल्या असत्यास, तर बरं झालं असतं. तू रोज मला जेवायला वाढलंस, वेणी घातलीस, चंद्रपूरला शिकायला पाठवलंस. आपल्या घरी कोहळं पुन्हा आलं नाही. कौलांवरचा वेल तू उपटून टाकलास.

मी रक्त तपासायचा कोर्स केला तो काही योगायोगानं नाही. मलेरियाचा जंतू पहिल्यांदा काचेवर बघितला तेव्हा मी वीस वर्षांची होते. मास्तर शिकवत होते की डास चावल्यापासून ताप यायला निदान आठ-दहा दिवस जातात. मी तिथे बाकावर बसून बोटांवर दिवस मोजले. आठ, सात, सहा. मी कोहळं कापलं त्या दुपारी, तो टाळ्या वाजवत होता तेव्हा, ते त्याच्या रक्तात आधीच होतं. माझ्या कोयत्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी पुन्हा मोजलं. मग वर्गातून उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले. त्या शनिवारी घरी आले ते तुला सांगायला म्हणून. तू अंगणात तांदूळ पाखडत होतीस. मी सांगितलं नाही. पुढेही नाही.

अमेरिकेला निघाले त्या दिवशी बसस्टँडवर तू एक गाठोडं हातात दिलंस. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तुझी पावशी. "घेऊन जाय. तिथी भेटन, नाई भेटन," एवढंच म्हणालीस. मी सोळा वर्षं विचार करते आहे की तू तीच वस्तू का दिलीस. मला माफ केलंस म्हणून, की आठवण राहावी म्हणून? की खरंच एवढंच, की तिथे पावशी मिळणार नाही? तुझ्या बाबतीत हे कधी कळायचं नाही आणि विचारायची सोय तू ठेवली नाहीस.

आता यंदाचं ऐक. तुझी नात बारा वर्षांची आहे. तू तिला पाहिलं नाहीस, पण हट्टात ती तुझीच आहे. सणाच्या आदल्या दिवशी ती शेतकऱ्यांच्या बाजारातून खायचं लहान कोहळं घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "आई, डब्यातलं नको. आजी करायची तसं कर." मी म्हटलं, बाबा आले की कापतील. तिनं विचारलं का. मी टाळलं. तिनं पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं, रीत, मामा, ताप, सगळं. मला वाटलं, ती रडेल. तिनं ते कोहळं ओट्यावर फिरवून बघितलं.

"म्हणजे मुलगा असेल तरच काही होतं?"

"तसं मानायचे."

"मग कापायला काय हरकत आहे? आपल्याकडे मुलगा कुठे आहे? मीच तर आहे." आणि मग जरा वेगळ्याच आवाजात तिनं विचारलं, "का माझ्यासाठी कुणी घाबरतच नाही?"

माय, त्या क्षणी मला तुझा फार राग आला. हाच प्रश्न मला अंथरुणात डोळे मिटून विचारायचा होता आणि मी विचारला नव्हता. मी मोठी सुरी घेतली आणि कोहळ्यात खुपसली. इथली कोहळी आपल्यासारखी टणक नसतात, एका घावात दोन फाका झाल्या. मग तुझी पावशी काढली, स्वयंपाकघराच्या जमिनीवर फतकल मारून बसले आणि फोडी केल्या. ती समोर बसून सोलत होती. गर किसून गुळात शिजवला, कणीक आणि जायफळ घातलं, गोळे तेलात सोडले. एकही पांगला नाही. शेजारणीकडे टर्कीशेजारी माझं ताट पहिलं रिकामं झालं. म्हातारीनं दोनदा मागून घेतली. सगळ्यांनी वाहवा केली, आणि मी हसत बसले. माझं लक्ष पोरीकडे होतं. ती नीट जेवते आहे का, तोंड उतरलंय का, पाणी जास्त पिते आहे का.

तर आता खरं सांगते. इथे बाहेर बर्फ पडला आहे. औषधाला डास नाही. मलेरियाला किती दिवस लागतात हे मी शिकाऊ पोरांना पाठ करून घेते. कोहळ्यानं काही होत नाही हे मला तुझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत आहे. त्या शनिवारी ते तुला सांगितलं असतं तर कदाचित तुझ्याही जिवाला बरं वाटलं असतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मला वाटायचं की तू आधी तुझा शब्द मागे घ्यावास, पुराव्याशिवाय, फक्त मी तुझी पोरगी आहे म्हणून. तू घेतला नाहीस, मी सांगितलं नाही, आणि तू तशीच गेलीस. याची चीड माझी माझ्यावरच आहे, पण ती काढायला आजही तूच सापडतेस.

सण होऊन दहा दिवस झाले. दहाही दिवस सकाळी मी पोरीच्या कपाळाला हात लावला आहे. आज तिनं डोळे न उघडताच माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आई, मला काही झालं नाहीये. बास आता." मी म्हटलं, बरं, उद्यापासून नाही लावणार.

लावणार आहे.