डबीतली धनीबाई

९ जानेवारी
मालेगावच्या लॅबमंधी झाडपुसाईले लागली. फरशी अशी चकचकीत की झाडाले कचराच नाही. राहाले खोली, नळाले पाणी. आसेगावात भावजयीचे टोमणे खाण्यापरीस लय बरं.

माहा भाऊ नथ्थू पन्नाशीतच सोताचं घर इसरते. त्या रोगावरच इथं काम चालते. इथल्या मोठ्या सुचिता मॅडमनं निरोप देल्ला होता, नथ्थूच्या पेशी घ्याच्या आहेत, घेऊन या. मले वाटलं कोर्टाची पेशी, शेताच्या धुऱ्याच्या भांडणाची. त्याले धुवट धोतर नेसवून आणलं, साक्षीदार म्हणून मी संगं. सारे हासले. मॅडम म्हणे, "धनीबाई, साक्षीदारही लागतोच. त्याच रक्ताचा, पण निरोगी." दंडाची चिमूटभर चामडी माहीही घेतली. वरून हे कामही देल्लं.

२१ मार्च
डब्या सांभाळणाऱ्या हरीओमनं समजावलं. चामडीच्या पेशी उलट्या फिरवून तान्ह्या करतात, मंग त्याइले मेंदूच्या पेशी बनवतात. उबेच्या पेटीत ठेवतात. डोकं न फोडता नथ्थूचा रोग डबीत दिसते. दुर्बिणीतून पाह्यलं. माह्या डबीत हरभऱ्याच्या मुळ्यांवानी धागेच धागे. नथ्थूचे सुकलेले.

१७ जून
नथ्थूच्या एका डबीत औषध लागू पडलं, धागे टिकले. मॅडमनं पेढे वाटले. माह्या डबीजवळ मात्र दोघं कुजबुजून राह्यले होते. मी गेली तं डबी पेटीत सारली.

८ जुलै
आज सोताच पाह्यलं. माहे धागे तुटून राह्यले.

मॅडमले तोंडावर विचारलं. म्हणे, डबीत झालं ते डोक्यात होईलच असं नाही. मंग नथ्थूचं काहून झालं? म्हटलं, फेका माही डबी. "नाही फेकता येत, बाई. आता तीच जास्त कामाची."

डबी कामाची. मी नाही.

१९ जुलै
आसेगावले निघाली, कामरगावच्या गाडीत बसली. पाटी वाचली होती. वाचली होती मी —

२ ऑगस्ट
फिनाईल घेऊन पेटी उघडली. माही डबी संपवते म्हटलं. डब्यांवर नुसते नंबर. माहा पाठ होता. सकाळी पाठ —

ओतलं.

३ ऑगस्ट
हरीओम रडून राह्यला. ती नथ्थूची होती म्हणे, औषधवाली.

मॅडम म्हणते, मी तिलेच विचारलं, नथ्थू कोण?

मी कायले असं विचारीन. नथ्थू तं माहा —