पिवळ्या मातीचा दाखला

सर, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुमच्याशी बोलायचं राहून गेलं असंही नाही, जे बोलायचं ते मी भरल्या सभागृहात तुमच्या तोंडावर बोलले होते. तरी आज लिहायला बसले, कारण त्या दिवशी मला फक्त पाच मिनिटं दिली होती.

पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात कुंभारांची सहा घरं. नदीकाठची जुनी माती संपत आली, म्हणून सगळ्यांनी मिळून मोठी भट्टी बांधायची आणि गायरानातली पिवळी माती वापरायची असं ठरलं. परवानगीसाठी कचेरीला कॉलेजचा दाखला हवा होता, की ही माती भाजकामाला योग्य आहे. मी तेव्हा धुळ्याला तुमच्याकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मातीची पिशवी भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि एसटीनं येऊन ती तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. "आठ दिवसांनी या," एवढंच म्हणालात. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "जिभवर ठेईसन देखी मी. चुनानी चव लागस. पन तुना सर मशीनवर देखतीन, त्यासले जास्त समजस."

त्यांच्या खिशात त्याच मातीचं एक ढेकूळ होतं, ते मी मागून घेतलं. दुपारी प्रयोगशाळेत त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाकले. माती फसफसली. ढेकूळ फोडलं तर आत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे. मी धावतच तुमच्या वर्गात आले. "सर, मातीत चुना आहे. भाजल्यावर हे खडे हवेतला ओलावा ओढून फुगतील, मडकी फुटतील." तुम्ही खडू खाली ठेवलात आणि वर्गाकडे बघून म्हणालात, "आता मडकी घडवणारे आपल्याला रसायनशास्त्र शिकवणार." सगळे हसले. वर, न विचारता ॲसिडला हात लावला म्हणून आठवडाभर प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही, असंही सांगितलंत.

आठ दिवसांनी दाखला मिळाला. वाळू किती, लोह किती, सगळे आकडे सुबक अक्षरात, आणि चुन्यापुढे 'नगण्य'. मी आबांना फसफसण्याबद्दल सांगितलं. त्यांनी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सही शे ना, बेटा. एवढा मोठा मानूस खोटी सही करस का?"

भट्टी उघडते तेव्हा मी गावात आहे. माठ असे लालभडक निघाले आहेत की टिचकी मारली तर घंटेसारखे वाजतात. आबा एकेक माठ हातात घेऊन फिरवून बघतात. तिसऱ्या दिवशी पडवीतून टक, टक असा आवाज येऊ लागतो. माठांच्या अंगावरून कपच्या उडत आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका आहे. बाजारात गेलेले माठही परत येऊ लागले. एका बाईनं गळका माठ आमच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली. बाकीची पाच घरं आबांना म्हणाली, दाखला तुम्ही आणला. आबा म्हणाले, "हां, मनीच चूक शे." त्यानंतर ते चाकावर बसले नाहीत. दुसऱ्यांच्या वीटभट्टीवर विटा वाहू लागले.

फुटक्या माठाची खापरी घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही ती हातातही घेतली नाहीत. "भाजणी चुकली. तुझ्या वडिलांना भट्टी लावता येत नाही, त्यात माझा काय दोष?" आणि मला कपाटातून हजेरीपुस्तक आणायला पाठवलंत. तिथं, मागच्या बाजूला, धूळ खात ती पिशवी होती. सुतळीची गाठ आबांच्या हातची, तशीच. तुम्ही ती सोडलीच नव्हती. ते आकडे तुम्ही कुठल्या तरी पुस्तकातून उतरवले होते. मी हजेरीपुस्तक तुमच्या टेबलावर ठेवलं आणि पिशवी माझ्या झोळीत घातली.

पुढं मी जळगावला माती तपासणीच्या नोकरीला लागले. फैजपूरच्या केळीवाल्यांची, पहूरच्या कपाशीवाल्यांची, रोज नवी माती. एकही पिशवी मी न उघडता ठेवली नाही. हा माझा प्रामाणिकपणा होता असं लोक म्हणत. खरं तर तो तुमच्यावरचा राग होता. मी वाट बघत होते.

तुमच्या निवृत्तीच्या सत्काराला जुन्या विद्यार्थिनीनं बोलावं म्हणून मला आमंत्रण आलं. मी आबांची ती पिशवी तुमच्यापुढं ठेवली, कोणाची ते सांगितलं, आणि म्हणाले, "सर, गाठ तुम्ही सोडा." तुमचे हात मांडीवरच राहिले. मग मीच सोडली, बशीत माती काढली, ॲसिड टाकलं आणि माइक जवळ धरला. ती फसफस शेवटच्या रांगेपर्यंत गेली. तुम्ही उठून हळूच म्हणालात, "आता हे कशाला?" मी म्हणाले, "माझे वडील तुमच्यापुढं उभेच राहिले होते. तुम्ही मात्र बसा." तुम्ही बसलात. कुणी टाळी वाजवली नाही. गळ्यातला हार तुम्ही स्वतःच काढलात, तो क्षण मी अजून अधूनमधून काढून बघते.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बठ्ठास्ना समोर फसफसनी का?" मी म्हणाले, हो, सगळ्यांसमोर. "मंग मनी जीभ खरी व्हती," म्हणाले, आणि जेवायला बसले.

हा कागद कुठं जायचा नाही, मी तो फाडीनही कदाचित. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या एका सहकाऱ्यांनी मला ऑफिसात केला होता. मी विचारलं, "शेवटी शुद्धीवर होते का? जुनं काही आठवत होतं?" ते म्हणाले, "हो, शेवटपर्यंत सगळं आठवत होतं." मी म्हणाले, "बरं झालं." त्यांना वाटलं, मला तुमची काळजी होती.