दोन ठेक्यांच्या मधला खड्डा

मंगळवार, संध्याकाळ

तीन दिवस लिहायचं टाळलं. उगंच लिंबागणेशला भटकून आलो, तिथला चहा लई भारी. पण तो खड्डा डोक्यातून जाईना.

धारूर रस्त्याचे ठेकेदार दोन. दोघांनी आपापल्या हद्दीपुरतं डांबर टाकलं आणि मधला, आमच्या वस्तीसमोरचा खड्डा तसाच सोडला. शनिवारी मेंढरांमागं जाताना माझा चुलता सोपानकाका त्यात पडला. कंबर मोडली. आता मेंढरं कोण राखणार, मी?

पहिल्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला जाब विचारला, तर हसला. "काकाला म्हणावं, जरा अलीकडं पडायचं होतं. तिथं आमची हद्द हाय."

आत्ता दारात कुणी कण्हतंय. तोच सुपरवायझर, गुडघा फुटलेला, मोटरसायकल त्याच खड्ड्यात. पाणी मागतोय. देतो, पण आधी विचारतो, "साहेब, कुणाच्या हद्दीत पडलात?"